चार पानं आणि एक पान

भाऊंच्या हातात मी चुकीचं भाषण दिलं. द्यायचं होतं दुसऱ्याचं नाव सुचवण्याचं. दिलं स्वतःची निवड झाल्याबद्दल आभार मानण्याचं. भाऊंनी ते पक्षाच्या सगळ्या आमदारांसमोर, वरून आलेल्या निरीक्षकांसमोर आणि ज्याची निवड व्हायची होती त्याच्या तोंडावर खणखणीत आवाजात वाचलं. पहिलं पान पूर्ण, दुसरं अर्ध्याच्या वर.

एवढंच झालं. बाकी जे झालं ते यामुळे झालं.

मी मूळचा गिरगावचा. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. त्याआधी म्हणे एक अख्खी चाळ आमच्या मालकीची होती. ती पणजोबांनी का विकली याबद्दल घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांत पणजोबा मूर्खच ठरतात. तेव्हा या बाबतीत मी घराण्याचं नाव राखलं असं म्हणायला हरकत नाही. शाळेत मराठी शिकवायचो. पुढे मुलं संपली, मग शाळा संपली, आणि कुणीतरी मला लालबागला भाऊंच्या कार्यालयात नेऊन उभं केलं. 'ह्यांची भाषा फार शुद्ध आहे,' अशी ओळख करून दिली. भाऊंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "शुद्ध आहे ते दिसतंय. पगारात भागेल ना?"

भाऊ गिरणगावातले आमदार. वडील मालवणकडून येऊन कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिलेले. भाऊंचं कार्यालय चाळीच्या तळमजल्यावर, शेजारी मिरची-मसाला कुटायची गिरणी. आमच्याकडे आलेला प्रत्येक माणूस गाऱ्हाणं सांगण्याआधी चार वेळा शिंकायचा आणि डोळे पुसायचा, त्यामुळे नवख्याला वाटावं, काय दुःखी मतदारसंघ आहे!

नाक्यावर भाऊंना कागद लागत नसे. हात वर केला की शब्द आपोआप यायचे. पण वर झुंबर आणि खाली गालिचा असेल तर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. तिथलं सगळं मी लिहून द्यायचो, मोठ्या टाइपात, कंसात सूचनांसकट. (वर बघा.) (टाळ्यांसाठी थांबा.) भाऊ ओळीवर बोट ठेवून वाचायचे. वाचताना अर्थाकडे त्यांचं लक्ष नसायचं. एकदा परळला एका रक्तदान शिबिरात त्यांनी 'पाणी प्या' हेही मोठ्याने वाचलं होतं. लोकांना वाटलं, रक्तदात्यांना सांगतायत. कार्यकर्त्यांनी धावतपळत सगळ्यांना पाणी दिलं आणि भाऊंच्या मायाळूपणाचं कौतुक झालं. मी ते प्रकरण हसण्यावारी नेलं. माणूस आपण देऊ ते वाचतो, ही धोक्याची गोष्ट आहे, असं तेव्हा मनात आलं नाही. उलट गोडच वाटलं.

त्या वर्षी विधिमंडळातल्या पक्षाचा गटनेता निवडायचा होता. आधीचे गटनेते रातोरात समोरच्या बाकावर जाऊन बसले होते. आता जागा एक आणि माणसं दोन. एक आमचे भाऊ, पक्षाचे फलक स्वतःच्या हाताने रंगवण्यापासून सुरुवात केलेले. दुसरे एक साखर कारखानदार, तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेले, गोरेपान, मृदू बोलणारे. आमदार दोन गटांत वाटले गेले. आमच्या गटाच्या बैठका भाऊंच्या घरी व्हायच्या. वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, कोंबडी-वडे करायच्या. आमदार दोन-दोनदा वाढून घ्यायचे आणि हात धुताना सांगायचे, "भाऊ, आता तुमच्याशिवाय कोण?" भाऊ त्यांना स्वतः टॉवेल द्यायचे.

वहिनी एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "खाताना सगळे आपलेच असतत." भाऊ म्हणाले, "तू गप रव."

मी त्या दिवसांत आभाराचं भाषण लिहीत होतो. पंधरा दिवस लिहीत होतो. चार पानं. त्यात गिरणीचा भोंगा होता, भाऊंच्या वडिलांचा डबा होता, आणि शेवटी एक असं वाक्य होतं की ते लिहून झाल्यावर मी उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो. आयुष्यात मी मुलांना निबंध घातले होते, स्वतः कधी काही लिहिलं नव्हतं. हे चार पानांचं भाषण म्हणजे मी लिहिलेला पहिला आणि शेवटचा ऐवज. आंघोळ करताना ते मी मोठ्याने म्हणायचो. बायको बाहेरून ओरडायची, "निवडून आला असाल तर बाहेर या, पाणी जाईल!"

दुसरं भाषणही लागणारच होतं. आमच्याकडे रिवाज असा, की नाव वरून बंद पाकिटातून येतं, आणि ते नाव सुचवायला नेमका जो हरला त्यालाच उभं करतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी पेपरात 'एकमताने' असं छापता येतं. तेव्हा भाऊंना कारखानदाराचं नाव सुचवावं लागलं तर काय म्हणायचं, हेही मी लिहून ठेवलं. एक पान. तासाभरात उरकलं. सुरुवातीचा परिच्छेद तर पहिल्या भाषणातलाच उचलून इकडे ठेवला. सन्माननीय निरीक्षक, सहकारी बंधुभगिनी, पक्षाची थोर परंपरा वगैरे. दोन्हीकडे तेच. कशाला डोकं चालवायचं दोनदा?

बैठकीच्या सकाळी वहिनी लवकर उठून प्रभादेवीला गेल्या. आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून आभाराची चार पानं मागून घेतली होती. गणपतीच्या पायाशी ती लावून आणली आणि परत देताना म्हणाल्या, "हेच्यार कुंकू लागला हा. तसाच राहू दे. खिशात हेच घालूचा." पहिल्या पानाच्या कोपऱ्यात रुपयाएवढा लाल डाग होता आणि तो खालच्या पानापर्यंत उतरला होता.

मी 'हो' म्हणालो. आणि त्या वळल्या तशी नवी प्रत काढली. वरून आलेल्या माणसांसमोर भाऊ डाग पडलेला कागद काढणार? शिवाय डाग नेमका माझ्या दुसऱ्या ओळीवर आला होता. कुंकवाची प्रत टाकवेना, म्हणून टेबलाच्या खणात ठेवली. दोन पांढरी भाषणं घडी घालून एकाच फाइलीत घेतली आणि निघालो.

बैठक मंत्रालयाजवळच्या एका सभागृहात होती. आमदार आत जात होते. कोंबडी-वडेवाले भाऊंना बघून आपापले फोन कानाला लावत होते, तेव्हाच मला काय ते कळायला हवं होतं. निरीक्षकांनी भाऊंना बाजूच्या खोलीत बोलावलं. दार नीट लागलं नव्हतं, म्हणून मी ऐकलं.

"भाऊ, आप तो घर के आदमी हैं. घर के आदमी को ही तकलीफ देते हैं."

भाऊंनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"नाम आप प्रपोज कर दीजिए, हँसी-खुशी से. बस. अगली बार का टिकट आपका पक्का, ये मेरी ज़ुबान. लेकिन कोई तमाशा नहीं चाहिए."

माझ्या लक्षात आलं. पद तर गेलंच होतं. आता तिकीट या एका पानावर होतं. नीट वाचलं तर भाऊ आमदार राहणार होते. आणि आमदारकी सोडली तर भाऊंकडे दुसरं काही नव्हतं. धंदा नाही, डिग्री नाही, चाळीतली खोली आणि हात वर करायची सवय.

भाऊ बाहेर आले. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "दुसरं द्या."

मी फाइलीतून काढून दिलं.

"हेच ना?"

"हेच," मी म्हणालो.

ते आत गेले. मी दारातच उभा राहिलो. आमच्यासारख्यांना आत प्रवेश नसतो, पण दार उघडं असलं तर डोळ्यांना कोण अडवतं?

निरीक्षकांनी पाकीट फाडायचा देखावा केला आणि भाऊंना बोलावलं. भाऊ उभे राहिले, चष्मा लावला, घडी उलगडली, ओळीवर बोट ठेवलं. सन्माननीय निरीक्षक. सहकारी बंधुभगिनी. थोर परंपरा. सगळं ठीक चाललं होतं. कारखानदार खाली मान घालून विनयाने बसले होते. नावाची घोषणा झाल्यावर कसं दचकायचं याची तयारी करून आल्यासारखे.

आणि मग भाऊंनी वाचलं, "आज तुम्ही गटनेतेपदाची धुरा माझ्या खांद्यावर देत आहात."

तोपर्यंत, खरंच सांगतो, मी चाल ऐकत होतो, शब्द नाही. माझं वाक्य चांगलं पडलं एवढंच कळलं.

कारखानदारांची मान वर झाली. भाऊ पुढे जात होते. "गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या एका कामगाराच्या मुलाला तुम्ही हा मान दिलात." मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मी आत शिरू पाहिलं, तर दारावरच्या माणसाने माझ्या छातीवर हात ठेवला. भाऊंनी पान उलटलं. दुसऱ्या पानावर वडिलांचा डबा होता. आणि डब्यानंतर मी कंसात लिहिलं होतं, टाळ्यांसाठी थांबा.

भाऊ थांबले. वर बघितलं. हसले.

तेव्हा जे हसू फुटलं तसं मी शाळेत चाळीस मुलांच्या वर्गातही ऐकलं नव्हतं. सगळ्यांत मोठ्याने हसत होते ते आमचे जेवलेले. एक जण तर खरंच टाळ्या वाजवायला लागला. भाऊंना आधी ते बरोबर वाटलं असावं. थांबायला सांगितलं होतं, थांबलो, टाळ्या आल्या. त्यांनी हात किंचित वर करून टाळ्या स्वीकारल्या. मग खाली कागदाकडे पाहिलं. बोट होतं तिथेच होतं. त्यांनी ती ओळ स्वतःशी पुन्हा वाचली. या वेळी अर्थासकट.

कागदाची घडी घालायला त्यांना फार वेळ लागला. चार पानं होती ना.

नाव शेवटी दुसऱ्याच कुणीतरी सुचवलं. बैठक संपल्यावर कारखानदार सगळ्यांसमोर भाऊंजवळ आले, त्यांना मिठी मारली आणि मृदूपणे म्हणाले, "भाषण सुंदर होतं, भाऊ. जपून ठेवा." निरीक्षकांनी जाता जाता एवढंच म्हटलं, "मना किया था ना तमाशा?" मी पुढे होऊन सांगू लागलो, "साहेब, गलती मेरी थी, कागद बदल गया." ते माझ्याकडे बघून हसले. आमदार आपल्या बंडाचं खापर फोडायला नोकर बरोबर आणतो, हे त्यांनी पूर्वीही पाहिलं असणार.

गाडी भायखळ्याला आली. मी म्हणालो, "भाऊ, मी उद्यापासून येत नाही."

"येणार तू," भाऊ म्हणाले. तोपर्यंत मी 'तुम्ही' होतो. "तुला हाकलला तर तू गिरगावात जाऊन मजेत बसशील. रोज यायचं."

कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतंच. दुसऱ्या दिवशी ते गिरणगावात घरोघर पोचलं, आणि शेजारच्या आमदाराने भाऊंच्या कागदात डोकावून वाचलेली कंसातली सूचनाही. भाऊ नाक्यावरून चालले की एखादा पानाच्या टपरीवरून हाक मारायचा, "भाऊ, थांबा!" आणि टाळ्या वाजवायचा. गणपतीत एका मंडळाच्या मांडवात भाऊ दर्शनाला गेले, तर माइकवरच्या माणसाने गर्दीला सांगितलं, "आपले लाडके आमदार आलेत, त्यांच्यासाठी टाळ्या, आणि टाळ्यांसाठी थांबा!" भाऊंनी हात जोडले. काय करणार?

कार्यालयात माझी शिक्षा ठरलेली होती. चार लोक जमले की भाऊ म्हणायचे, "मास्तर, वाच."

नवी प्रत त्या सभागृहातच राहिली होती. मी खणातून कुंकवाची काढायचो आणि उभा राहून वाचायचो. पहिले काही महिने लोक पोट धरून हसायचे. शेजारच्या गिरणीतले मसाला कुटणारे हात झटकत ऐकायला यायचे. 'टाळ्यांसाठी थांबा'ला मी थांबायचो, ते टाळ्या द्यायचे, लाल तिखट हवेत उडायचं आणि सगळे शिंकायचे. मीही हसायचो. विनोदी माणूस म्हणून माझं नाव झालं. लोक मुद्दाम पाहुण्यांना घेऊन यायचे.

नंतर लोक कंटाळले, पण भाऊ सोडेनात. कुणी नसलं तरी म्हणायचे, "वाच." मी वाचायचो आणि ते खुर्चीत डोळे मिटून बसायचे. आधी मला वाटलं, राग मुरवतायत. मग एकदा वडिलांच्या डब्यापाशी त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून थोडा वर झालेला दिसला. टाळ्या स्वीकारताना व्हायचा तसा. ते चौथ्या पानापर्यंत ऐकायचे. शेवटचं वाक्य झालं की डोळे उघडून म्हणायचे, "हं. ठेव." म्हणजे रोज दुपारी अर्धा तास त्या मिरचीच्या खकाण्यात भाऊ गटनेते होत होते. आणि मी, आता लपवून काय करू, रोज ते अधिक चांगलं वाचत होतो. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे श्वास घ्यायचा, सगळं बसलं होतं.

निवडणूक आली. तिकिटांची यादी लागली त्या दिवशी कार्यालय सकाळपासून रिकामं होतं. कोंबडी-वडेवाल्यांपैकी कुणाचा फोन आला नाही. यादी मीच मोबाइलवर वरून खाली वाचली आणि मग खालून वर. भाऊंच्या जागेवर एका बिल्डरचं नाव होतं.

"नाही?" भाऊंनी विचारलं.

"नाही."

भाऊ खुर्चीत मागे रेलले. मग डोळे मिटून म्हणाले, "वाच."

"आज नको, भाऊ."

"वाच म्हणतोय ना."

मी खण उघडून कागद काढला आणि उभा राहिलो. तिसऱ्या पानावर असेन, तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनाही कळलं असावं. हातात भाऊंचा डबा होता. आतापर्यंत तो कार्यकर्ता आणायचा, आज स्वतः आणला होता. दारात उभ्या राहून त्यांनी माझं वाचन ऐकलं. हे भाषण त्यांनी फोनवर अर्धंच ऐकलं होतं, हसण्याच्या आवाजासकट. पुढचं त्यांना नवीन होतं. मी शेवटच्या वाक्यापर्यंत गेलो. थांबावं असं वाटत होतं, पण थांबलो नाही. भाऊ म्हणाले, "हं. ठेव," आणि आत तोंड धुवायला गेले.

वहिनींनी डबा टेबलावर ठेवला आणि माझ्या हातातले कागद घेतले. कोपऱ्यावरचा डाग आता तपकिरी झाला होता.

"हेच्यार माझा कुंकू आसा," त्या म्हणाल्या. "ह्यो कागद हय कसो? ह्यो तर तेंच्या खिशात होतो ना?"

मी सांगितलं. डाग पडला होता, बरं दिसेना, म्हणून नवी प्रत काढली. दोन्ही पांढरी झाली, दोन्ही एका फाइलीत, घाईत घोटाळा झाला. इतक्या वेळा सांगून ती हकीगत माझ्या तोंडात बसली होती. कुठे थांबायचं तेही ठरलेलं होतं. सवयीने मी थोडा हसलोही.

वहिनी हसल्या नाहीत. कागद हातात वर-खाली करून पाहत होत्या, भाजीवालीकडची जुडी तोलावी तसे.

"आणि दुसरा? नाव सुचवूचा होता ता? ता किती पानांचा?"

"एक पान होतं."

त्यांनी माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद उचलला. घडी घातली. एका हातात तो, दुसऱ्या हातात भाषण. दोन्ही माझ्यापुढे धरले. मी हात पुढे केला नाही. आतून भाऊंच्या चूळ भरण्याचा आवाज येत होता.

वहिनींनी कोरा कागद टेबलावर टाकला, चार पानं नीट जुळवून पदराखाली धरली, आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "चार पानां एक पान म्हणान देणारो माणूस चुकना नाय, मास्तर. तुमका तुमचा भाषण आयकूचा होता."